वाघ दिसत नाही, पण त्याचं घर दिसतं!

आधी एक कोडं. उत्तर पटकन द्यायचं हं!

अकोटमधल्या एखाद्या उंच गच्चीवर चढ आणि उत्तरेकडे तोंड कर. सातपुड्याची निळसर भिंत दिसते ना? तिच्या माथ्यावर नरनाळ्याचा किल्ला. पायथ्याला शहानूर. आणि भिंतीपलीकडे डोंगरामागे डोंगर, डोंगरामागे डोंगर... तो आपला मेळघाट! साग, बांबू, मोह, तेंदू. सांबरं, गवे, अस्वलं. आणि वाघ!

आता समज, एप्रिलची दुपार आहे. ऊन मी म्हणतंय. नरनाळ्याखालच्या एका डोहात एक वाघोबा पाण्यात बूड टेकवून बसलेत. (वाघ पाण्यात बरेचदा उलटा शिरतो, ठाऊक आहे? आधी शेपटी, मग मागचे पाय, मग उरलेला वाघ! डोळ्यांत पाणी गेलेलं त्याला आवडत नाही म्हणे.) आणि नेमका त्याच्या डोक्यावरून एक उपग्रह चाललाय. उपग्रह म्हणजे रॉकेटनं वर सोडलेलं, पृथ्वीभोवती फिरत राहणारं यंत्र. या उपग्रहाच्या पोटाशी भलाथोरला कॅमेरा आहे. तो खाली बघतोय.

त्याला वाघ दिसेल का?

हो? की नाही? एका उत्तरावर बोट ठेव!

उत्तर आहे... नाही! अजिबात नाही!

काहून बरं? एवढा महागाचा कॅमेरा आणि एवढा मोठा वाघ दिसू नये?

त्याचं असं आहे. सेंटिनेल-2 नावाचे युरोपचे उपग्रह आहेत. ते जमिनीपासून 786 किलोमीटर उंचावरून फिरतात. अकोल्याहून मुंबईला जायला रेल्वेला अख्खी रात्र लागते की नाही? हे अंतर त्याहूनही जास्त, आणि तेही सरळ वर! वेग विचारूच नकोस. अकोटहून अकोल्याला एसटीनं तासभर तरी लागतो. उपग्रह तेवढं अंतर जेमतेम सात सेकंदांत ओलांडतो. तुझ्या शाळेत तीन तासिका संपेपर्यंत त्याची पृथ्वीभोवती एक चक्कर पूर्ण!

आता मोबाइलमधला एखादा फोटो दोन बोटांनी मोठा करत जा. आणखी मोठा. आणखी! शेवटी नाक-डोळे हरवतात आणि नुसते चौकोनी ठिपके दिसू लागतात. सगळे फोटो अशा ठिपक्यांचेच बनतात. तुझ्या फोटोतला एक ठिपका म्हणजे तुझ्या गालाचा इवलासा तुकडा. आणि सेंटिनेलच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीचा 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद तुकडा!

कबड्डीचं मैदान आठव. मोठ्या माणसांचं मैदान असतं 13 मीटर बाय 10 मीटर. म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान एका ठिपक्यात! आणि ठिपक्याला रंग किती? एकच! मैदानावर चढाई चाललीय, चौघं एकमेकांवर पडलेत, पंच शिट्टी फुंकतोय, कडेला कुत्रं झोपलंय. उपग्रहाला विचारलं, काय दिसलं? तो म्हणतो, ‘मातकट.’ बास! एवढंच!

मग त्या ठिपक्यात वाघ कुठला दिसायला?

तू म्हणशील, याहून बारीक बघणारे उपग्रह असतील की! आहेत ना. काहींचा ठिपका फक्त 30 सेंटिमीटरचा, म्हणजे दप्तरातल्या मोठ्या पट्टीएवढा. पण तिथंही पंचाईत आहे. मेळघाटचा वाघ काही उघड्यावर बसून फोटोची वाट बघत नाही. तो झाडाखाली असतो, आणि वरून दिसतात फक्त पानं.

अंटार्क्टिकाचे पेंग्विन मात्र सापडले! तिथं झाडच नाही, सगळा पांढरा बर्फ. एम्परर पेंग्विन साधारण तुझ्या छातीएवढे उंच. उपग्रहाच्या फोटोत एकेक पेंग्विन काही दिसेना. मग सापडले कसे? ओळख पाहू!

शीवरून!

हसू नकोस, खरंच! हजारो पेंग्विन महिनोन्‌महिने एकाच जागी दाटीवाटीनं राहतात. सगळे तिथंच घाण करतात. पांढऱ्याशुभ्र बर्फावर तपकिरी डाग पडतो, आणि तो अंतराळातून दिसतो! 2009 साली ब्रिटनच्या संशोधकांनी हे डाग शोधत शोधत पेंग्विनांच्या दहा नव्या वसाहती शोधून काढल्या. तोवर त्या कुणालाच माहीत नव्हत्या!

आफ्रिकेच्या मोकळ्या माळावरचे हत्तीसुद्धा असे वरून मोजून झालेत. पट्टीएवढा ठिपका असलेले फोटो कॉम्प्युटरला दिले आणि त्यानं हत्ती शोधले. हत्तीचं अंग मोठं, माळ उघडा. जमलं!

पण आपल्या वाघाचं काय?

खरी गंमत इथंच आहे. वाघ दिसत नसेल, पण वाघाचं घर दिसतं! गवत दिसतं, पाणी दिसतं, आग दिसते. आणि घर कसं आहे ते कळलं की घरात राहणाऱ्याचं कसं चाललंय याचा अंदाज येतो.

चल, मेळघाटचा एक फोटो बघू. अरे बापरे! जंगल तर लालभडक दिसतंय! आग लागली की काय?

घाबरू नकोस. आग नाही. पावसाळा संपतानाचं हिरवंगार जंगल आहे ते. मग लाल कसं?

आधी एक प्रयोग कर. घरी टीव्हीचा रिमोट आहे ना? त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. बटण दाबून त्याच्याकडे बघ. काही दिसतं? काहीच नाही. आता मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्यातून बघ. सेल्फीचा कॅमेरा असला तर आणखी बरं. दाब बटण! दिवा लुकलुकतोय! जांभळट, पांढरट!

हा आहे अवरक्त प्रकाश. तो असतो, पण आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो.

आता कान इकडे कर. झाडाची पानं या न दिसणाऱ्या प्रकाशात लखलखतात! त्यांच्यावर जेवढा असा प्रकाश पडतो, त्यातला जवळजवळ निम्मा ती परत फेकून देतात. आपल्याला पान नुसतं हिरवं दिसतं. उपग्रहाला ते चमचमतं! या न दिसणाऱ्या रंगाला दाखवायचं कसं? म्हणून शास्त्रज्ञ फोटोत त्याला लाल रंग देतात. जितकी पानं टवटवीत, तितका लाल गडद. पान सुकलं की लाल उतरला!

आपल्या इस्रोचे रिसोर्ससॅट उपग्रह असेच फोटो काढतात. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. (नाव एका दमात म्हणून दाखव बरं!) तिथं असे फोटो वाचून जंगलाचे, पाण्याचे, पिकांचे नकाशे बनतात.

पण थांब. फोटो येतात खंडीभर. लाखो ठिपके, कोट्यवधी ठिपके! हा ठिपका साग, हा बांबू, ही पऱ्हाटी, हे पाणी, असं एकेक कोण सांगत बसणार?

म्हणून कॉम्प्युटरला शिकवायचं! यालाच म्हणतात कृत्रिम बुद्धिमत्ता. मोठी माणसं म्हणतात ‘एआय’.

तो शिकतो कसा? तू मेथी निवडायला शिकलास किंवा शिकलीस, तसा! आईनं काही तुला मेथीच्या पानाची व्याख्या पाठ करायला लावली नाही. जुडी समोर टाकली आणि म्हणाली, ‘ही मेथी. हे गवत. हे बघ, हे पण गवत.’ दहा-वीस काड्या झाल्यावर तुझा तुलाच हात बसला. कॉम्प्युटरचंही असंच. माणसं आधी जंगलात जातात आणि पाहून येतात. मग सांगतात, ‘हा ठिपका साग. हा बांबू. हा गवताचा माळ.’ असे हजारो ठिपके दाखवले की कॉम्प्युटर पुढचे स्वतः ओळखू लागतो.

आणि चुकतो! चांगलाच चुकतो!

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट-अचलपूरच्या पट्ट्यात, संत्र्याच्या बागा आहेत. कॉम्प्युटर म्हणतो, ‘अरे वा! दाट झाडं! जंगल!’ पुढे उन्हाळ्यात मेळघाटचा साग पानं गाळून उघडा होतो. कॉम्प्युटर रडवेला, ‘जंगल गेलं हो! कुणीतरी कापून नेलं!’ साग बिचारा नुसता झोपलाय. पहिल्या पावसानं पुन्हा हिरवा होईल. पण कॉम्प्युटरला काय ठाऊक?

यावर उपाय काय? एकच फोटो बघायचाच नाही! त्याच ठिपक्याची वर्षभर हजेरी घ्यायची. सेंटिनेल दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो, मग सोपंच आहे. जूनमध्ये कसा होतास? ऑक्टोबरमध्ये? एप्रिलमध्ये? बारा महिने हिरवी, ओळीत लावलेली, ती संत्र्याची बाग. पावसात हिरवा आणि उन्हाळ्यात उघडा, तो साग. जुलैत हिरवं, नंतर पांढऱ्या बोंडांचं, मग नांगरून काळं, ते कुणाचं तरी वावर! आणि एप्रिलमध्ये सगळं रान वाळलेलं असताना मधूनच एक हिरवी नागमोडी रेघ दिसली तर? ती नदी! काठची झाडं ओल धरून आहेत. म्हणजे प्राण्यांना पाणी कुठं मिळेल, तेही कळलं!

पावसाळ्यात मात्र वांधे होतात. आभाळ भरून आलं की कॅमेऱ्याला खाली दिसतात नुसते ढग. चिखलदऱ्याच्या धुक्यात तुझा फोटो येत नाही ना, तसंच. त्यासाठी रडारवाले उपग्रह असतात. ते स्वतःच खाली लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र काढतात. ढग असोत की रात्र, त्यांना फरक पडत नाही. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटाहून उडालेला निसार असाच आहे. इस्रो आणि अमेरिकेची नासा, दोघांनी मिळून बनवलेला. त्याची जाळीची छत्री उघडली की किती मोठी होते, माहीत आहे? 12 मीटर! जवळजवळ मघाच्या कबड्डीच्या मैदानाएवढी!

आता गवताची गोष्ट सांगायलाच हवी. ती माझी सगळ्यात लाडकी.

1973 मध्ये भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. जंगलाच्या आत गावंही होती. पुढे त्यांतली काही गावं जंगलाबाहेर आली. बोरी, कोहा आणि कुंड ही सुरुवातीची. नंतर आणखीही आली. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, देवाचं ठिकाण, ओळखीची झाडं सोडून येणं सोपं नसतं. तिथल्या कोरकू आदिवासी आजी-आजोबांना विचारलंस तर ते सांगतील.

आणि मागे राहिलेल्या शेतांचं काय झालं? नांगर थांबला. गवत उगवलं! आधी तण आणि झुडपं. मग वनखात्याच्या लोकांनी नको ती झुडपं उपटली, चांगली गवतं वाढू दिली. जिथं कधी ज्वारी डोलायची, तिथं कुरणं झाली. कुरण झालं की चितळ येतात. सांबरं येतात. गवे येतात. आणि त्यांच्या मागोमाग दबक्या पावलांनी कोण येतं?

बरोबर!

वाघ दिसायच्या कितीतरी आधी उपग्रहाला गवत दिसतं. जुन्या फोटोत शेतांचे चौकोन, धुऱ्यांच्या सरळ रेघा. वर्षं जातात तशा रेघा पुसट होतात आणि चौकोन एकमेकांत मिसळतात. लँडसॅट नावाचे अमेरिकेचे उपग्रह 1972 पासून फोटो काढतायत. तेव्हा तुझे आजोबा शाळेत असतील! जुना फोटो शेजारी ठेवला की जंगल किती बदललं ते कॉम्प्युटर ठिपक्याठिपक्यानं सांगतो. आणि हे फोटो आज कुणीही फुकट बघू शकतं. तूसुद्धा!

आग मात्र इतकी वाट बघत नाही.

फेब्रुवारी ते जून, मेळघाटात सागाच्या पानांचा खच पडतो. चालताना पापड मोडल्यासारखा आवाज! एक ठिणगी पुरते. पूर्वी धूर दिसल्यावर कळायचं, तेव्हा उशीर झालेला असायचा. आता टेरा, अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी असे उपग्रह रोज वरून जातात. दिवसाही आणि रात्रीही! त्यांना उष्णता ‘दिसते’. आजूबाजूच्या ठिपक्यांपेक्षा एखादा ठिपका फारच तापलेला दिसला की समजायचं, काहीतरी जळतंय. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था ते तपासून वनखात्याला संदेश पाठवते. वनरक्षकाच्या मोबाइलवर मेसेज, टिंग! हे काम 2004 पासून चालू आहे.

पण हा ठिपका किती मोठा? सुओमीचा 375 मीटरचा! आग त्या एवढ्या चौकोनात नेमकी कुठं, ते शोधायला माणसालाच पळावं लागतं. कधी कधी तिथं आग नसते, वीटभट्टी असते! किंवा कुणी वावरातला काडीकचरा पेटवलेला असतो. म्हणून जंगलाची हद्द आणि तापलेला ठिपका एकमेकांवर ठेवून बघतात. नागपूरजवळच्या पेंचच्या जंगलात आणखी एक युक्ती केलीय. उंच जागी कॅमेरा बसवलाय आणि कॉम्प्युटरला धूर ओळखायला शिकवलंय. ढग कुठला, धूळ कुठली, धूर कुठला, तो सांगतो.

आणि आग विझवतं कोण? उपग्रह तर नाहीच! उन्हाळ्यात ठेवलेले ‘अंगारी’ विझवतात. आगीपासून जंगल राखणारी ही माणसं. हिरव्या फांद्या आणि पानं उडवायचा ब्लोअर घेऊन धावतात. आधीच जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे पट्टाभर पाचोळा साफ करून ठेवतात. तिथं आली की आगीला खायलाच काही मिळत नाही!

बरं, घर बघून झालं. आता घरमालक!

वाघ किती, हे मोजायचं कसं? पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजायचे. मातीतल्या ठशावर काच ठेवायची आणि गिरवायचं. पण एकच वाघ चिखलात चालला तर ठसा मोठा आणि कडक मातीत चालला तर लहान. झाले की दोन वाघ! राजस्थानात सरिस्का नावाचं जंगल आहे. 2005 च्या सुमारास तिथं काय उघड झालं माहीत आहे? कागदावर वाघ होते. जंगलात एकही नव्हता! शून्य! सगळा देश हादरला.

मग 2006 पासून मोजणीची पद्धतच बदलली. आता दर चार वर्षांनी मोजणी होते, आणि मुख्य साक्षीदार असतो कॅमेरा ट्रॅप. जंगलवाटेच्या कडेला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला छोटा डबा. समोरून गरम अंगाचं काही हललं की, क्लिक! रात्री काही कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतात. तोच, रिमोटवाला!

कॅमेरे नेहमी समोरासमोर दोन लावतात. एका वाघासाठी दोन कॅमेरे काहून?

कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे! तुझ्या बोटांचे ठसे दुसऱ्या कुणाचे नसतात, तसंच. आणि आणखी ऐक. एकाच वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात! डावीकडून काढलेला फोटो आणि उजवीकडून काढलेला फोटो नुसता बघितला तर दोन वेगळे वाघ वाटतील. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी टिपायच्या.

आता आकडे सांगते. घट्ट धर स्वतःला! 2018 च्या मोजणीत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले. फोटो निघाले 3 कोटी 48 लाख 58 हजार 623! गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. एका सेकंदाला एक, असे बघत बसलास किंवा बसलीस, न झोपता आणि न जेवता, तरी चारशेहून जास्त दिवस लागतील!

त्यांत वाघाचे फोटो किती असतील? अंदाज कर! एक कोटी? दहा लाख?

76,651. फक्त! साडेचारशे फोटोंमागे एक वाघ! बाकीच्यांत हरणं, डुकरं, बिबटे, माकडं, गाई-बैल, माणसं आणि हललेलं गवत. खूप खूप हललेलं गवत!

हा ढिगारा उपसायला डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं कॉम्प्युटरला कामाला लावलं. पहिलं काम निवडण्याचं. हे चितळ, हे सांबर, हे रिकामं, हा... हा वाघ! पुन्हा तीच मेथी निवडायची युक्ती. शंका आली तर माणूस बघतो.

दुसरं काम कठीण. हा वाघ कोण? वाघ काही शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोसारखा सरळ उभा राहत नाही. तो वळतो, वाकतो, अंग झटकतो. पट्टे वाकडे होतात! म्हणून कॉम्प्युटर आधी वाघाचा एक पोकळ पुतळा मनात उभा करतो. फोटोतले पट्टे त्या पुतळ्यावर चढवतो. मग पुतळ्याचं कातडं उलगडून सपाट पसरतो, गादीवर चादर पसरावी तसं. आता पट्टे सरळ झाले! मग जुन्या सगळ्या चादरींशी ताडून बघायचं. ओळखीचा आहे का नवीन?

त्या मोजणीत असे 2,461 वेगवेगळे मोठे वाघ फोटोंत सापडले. जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचाही हिशेब मांडून देशाचा अंदाज आला 2,967. महाराष्ट्राचा 312. पुढच्या, 2022 च्या मोजणीत महाराष्ट्राचा आकडा झाला 444!

या पट्ट्यांची नोंद चोर पकडायलाही उपयोगी पडते. शिकाऱ्यांकडून वाघाचं कातडं जप्त झालं की त्याचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवतात. जुळले तर कळतं की हा वाघ अमक्या जंगलातला होता. म्हणजे शिकार कुठं झाली असेल, तो धागा सापडला!

आता एका वल्ली वाघाची गोष्ट. त्याचं नाव ‘वॉकर’! सरकारी नाव टी-1 सी-1. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. हा पट्टा उपग्रहांशी बोलतो! मी आत्ता इथं आहे... आता इथं... असं सांगत राहतो.

जूनमध्ये स्वारी निघाली. टिपेश्वरहून तेलंगणात, पुन्हा महाराष्ट्रात. नुसता चालतोय! वावरांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत. दिवसा पऱ्हाटीत नाहीतर झुडपांत झोपायचं आणि रात्री चालायचं. कित्येक गावांना कळलंसुद्धा नाही की काल रात्री आपल्या धुऱ्यावरून वाघ गेला! सगळं मिळून 3,000 किलोमीटरहून जास्त. शेवटी कुठं थांबला? आपल्या शेजारी! बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. तिथं त्याच्याशिवाय एकही वाघ नव्हता!

पट्ट्यानं त्याची पाच हजारांहून जास्त ठिकाणं नोंदवली. हे ठिपके उपग्रहाच्या नकाशावर ठेवले की काय दिसतं? जंगलांना जोडणारी अदृश्य वाट! नदीकाठ, झुडपी माळ, ओढे, उभं पीक. आपल्याला ते नुसतं वावर वाटतं. वाघासाठी तो रस्ता आहे. नवा रस्ता, नवा कालवा किंवा रेल्वे कुठून न्यायची ते ठरवताना हा नकाशा समोर असला की वाघाची वाट राखता येते.

पट्टेवाल्यांचं झालं. बिबट्याचंही जमतं, त्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात ना! काळा बिबट्यासुद्धा सुटत नाही. रात्रीच्या त्या न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो काढला की काळ्या अंगावरची फुलं उमटतात!

पण मेळघाटचं अस्वल? ते तर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळं. पट्टे नाहीत, फुलं नाहीत, नुसते झिपरे केस! काल आलेलं आणि आज आलेलं अस्वल एकच की दोन, कॉम्प्युटरनं ओळखायचं कसं?

कॅनडा-अमेरिकेच्या संशोधकांनी तपकिरी अस्वलांचे चेहरे कॉम्प्युटरला शिकवले. 132 अस्वलं, साडेचार हजारांवर फोटो. शंभरातली चौऱ्याऐंशी तो बरोबर ओळखतो. तू शाळेतल्या 132 मुलांना केसांचे झिपरे तोंडावर घेऊन उभं केलंस तर तुला जमेल का, सांग!

आपल्या अस्वलाकडे मात्र एक वेगळी खूण आहे. छातीवर! पांढरट, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी. पण अस्वल चालतं चार पायांवर, मान खाली घालून. छाती दिसणार कशी? त्यासाठी त्यानं कॅमेऱ्यासमोर दोन पायांवर उभं राहायला हवं. आणि अस्वलाला ‘उभा राहा, स्माइल प्लीज’ कोण म्हणणार?

जपानमधल्या काळ्या अस्वलांच्या छातीवरही अशीच खूण असते. तिथल्या संशोधकांनी त्यांना उभं केलं! कसं केलं असेल? जरा डोकं चालव. अस्वलाला सगळ्यात जास्त काय आवडतं?

मध! त्यांनी मध उंच टांगला. अस्वलानं नाक वर केलं, हुंगलं, पुढचे दोन पाय उचलले, छाती पुढे काढून ताठ उभं राहिलं आणि... क्लिक!